चांगल्या जंतूंची कॅप्सूल घ्यायची का? आधी ताटात काय आहे ते बघू

मागच्या महिन्यात दुकानात एक काका आले. सत्तरीच्या आसपासचे, हातात रिकामी स्ट्रिप, म्हणाले, "ताई, हीच द्या, पोटातल्या चांगल्या जंतूंची." मी फार्मासिस्ट आहे, मेडिकलमध्ये बसते, त्यामुळे हे वाक्य मला रोजचंच आहे, पण सहज विचारलं की काका कधीपासून घेताय, तर म्हणाले चार महिने झाले. दाढा काढल्या तेव्हा डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं होतं, त्याच्यासोबत ही कॅप्सूल पाच दिवसांसाठी लिहिलेली, अँटिबायोटिक संपलं आणि ही मात्र चालूच राहिली, कारण पोट साफ होत नव्हतं. मी म्हटलं, मग आता होतं का? "नाही ना, म्हणून तर घेतोय."

काकांशी पुढे काय बोलणं झालं ते शेवटी सांगते. पण त्यांच्यासारखे खूप लोक आहेत आणि मला मनापासून वाटतं की हा सगळा प्रकार एकदा नीट समजून घेतला पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

तर आपल्या मोठ्या आतड्यात बॅक्टेरिया राहतात हे आता सगळ्यांनाच माहितीये. किती राहतात? 2016 साली शास्त्रज्ञांनी परत नीट हिशोब मांडला तेव्हा एका माणसाच्या अंगात अंदाजे 38 लाख कोटी बॅक्टेरिया आणि स्वतःच्या पेशी 30 लाख कोटी असा आकडा आला, म्हणजे जवळजवळ बरोबरी. "शरीरात पेशींच्या दहापट जंतू असतात" असं जे अजून सगळीकडे फिरतं ते जुनं आहे, ते सोडून द्या. आणि एवढ्या सगळ्यांचं मिळून वजन साधारण 200 ग्रॅम.

आता ते लहान बाटलीतलं याकुल्ट आठवा, 65 मिलीची बाटली, तिच्यावर लिहिलेलं असतं की आत 650 कोटींपेक्षा जास्त बॅक्टेरिया आहेत. 650 कोटी ऐकायला केवढं वाटतं! पण 38 लाख कोटींना 650 कोटींनी भागून बघा, आतल्या जवळजवळ सहा हजारांमागे बाहेरून आलेला एक असा हिशोब पडतो, आणि त्यातलेही काही पोटातल्या आम्लात आणि पित्तात मरतात. म्हणजे ते निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाहीये, थोडे पाहुणे पण कधीकधी मोठं काम करून जातात, पण आधीच भरलेल्या गावात चार पाहुणे आले म्हणून गाव बदलत नाही, आणि बहुतेक पाहुणे थोड्या दिवसांत निघूनही जातात. कॅप्सूल बंद केल्यावर काही दिवसांनी शौचात तो बॅक्टेरिया सहसा सापडतच नाही. गाव कसं राहणार हे तिथे रोज शिधा कुठला पोचतो त्यावर ठरतं.

आणि हा शिधा म्हणजे फायबर, तंतुमय पदार्थ, आपण ज्याला साधं चोथा म्हणतो तो. चोथा हा शब्द ऐकला की वाटतं टाकाऊ आहे, पण गंमत अशी की आपल्याला जे पचत नाही नेमकं तेच त्यांचं जेवण आहे. भात-पोळीतला स्टार्च, साखर, तेल, प्रथिनं हे बरंचसं लहान आतड्यातच आपण उचलतो, खाली मोठ्या आतड्यापर्यंत उरतं ते ज्वारीचं कोंड्याचं अंग, डाळींच्या सालीतलं, कांदा-लसणातलं इन्युलिन, भाज्यांचं पेक्टिन वगैरे. बॅक्टेरिया ते आंबवतात आणि त्यातून छोटी आम्लं तयार होतात, त्यातलं एक ब्युटिरेट. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा या ब्युटिरेटमधूनच घेतात. म्हणजे अस्तर आपलं, पण त्याचा डबा बॅक्टेरिया भरून देतात. उंदरांवरच्या प्रयोगात असंही दिसलंय की खाण्यातून फायबर काढून घेतलं तर काही बॅक्टेरिया आतड्याच्या आतला संरक्षक चिकट थरच खायला लागतात. हे वाचल्यापासून मी नुसत्या ब्रेड-बटरवर दिवस काढणाऱ्या मुलांच्या आयांशी जरा जास्तच बोलते.

बरं, काकांच्या त्या कॅप्सूलसारख्या गोष्टींना प्रोबायोटिक म्हणतात, मग प्रोबायोटिक म्हणजे नेमकं काय? 2001 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी व्याख्या केली, तिचा साधा अर्थ असा की जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा प्रमाणात, आणि घेतल्यावर तब्येतीला फायदा होतो हे दाखवलेलं. तिन्ही अटी लागतात. जिवंत पाहिजेत, पुरेसे पाहिजेत, आणि फायदा सिद्ध पाहिजे. ही तिसरी अट सगळे विसरतात.

ही कल्पना तशी जुनी आहे. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले मेचनिकोव्ह, ज्यांना 1908 चं नोबेल रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी मिळालं, त्यांचं म्हणणं होतं की बल्गेरियातले शेतकरी भरपूर आंबट दूध खातात म्हणून जास्त जगतात. नंतर जपानमध्ये मिनोरु शिरोता यांनी 1930 मध्ये एक बॅक्टेरिया वेगळा काढून वाढवला आणि 1935 पासून त्याचं पेय विकायला आलं, तेच हे याकुल्ट. पण मला सगळ्यात आवडते ती हेन्री बुलार्ड या फ्रेंच माणसाची गोष्ट. 1920 च्या दशकात ते इंडोचायनात, म्हणजे आताच्या व्हिएतनामच्या बाजूला होते, तिथे कॉलराची साथ आलेली, आणि काही लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पिताना त्यांना दिसले, मग त्या सालींवरून त्यांनी एक यीस्ट वेगळं काढलं. त्याला आज सॅकरोमायसिस बुलार्डी म्हणतात, आपल्याकडे सॅशेमध्ये मिळतं. हे यीस्ट आहे, बॅक्टेरिया नाही, म्हणून अँटिबायोटिकने मरत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, कामाचा आहे.

आता मुख्य गोष्ट, प्रोबायोटिक हे एक औषध नाहीच मुळी. "ताप आलाय, गोळी द्या" म्हटलं तर मी विचारणार ना कुठली गोळी, तसंच आहे हे. प्रत्येक जातीच्या आतही पोटजात असते, स्ट्रेन म्हणतात त्याला, आणि एका स्ट्रेनने जो फायदा दाखवला तो दुसऱ्याने होईलच असं नाही. पाकिटावर "लॅक्टोबॅसिलस", म्हणजे बॅक्टेरियांच्या एका मोठ्या गटाचं नाव, एवढंच असेल आणि पुढे स्ट्रेनचं नाव-नंबर काहीच नसेल तर त्यावरून फारसं काही कळत नाही.

फायदा कुठे बऱ्यापैकी दिसलाय, तर अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळायला. अँटिबायोटिक वाईट जंतूंसोबत आपल्या गावातले पण मारतं, म्हणून काहींना जुलाब लागतात, तिथे बुलार्डी यीस्ट किंवा लॅक्टोबॅसिलस जीजी हे कोर्स चालू असतानाच दिले तर ते लागायचं प्रमाण कमी होतं. बॅक्टेरियावालं असेल तर अँटिबायोटिक आणि ते एकदम घशाखाली घालू नका, मध्ये दोनेक तासांचं अंतर ठेवा. आणि आपल्याच देशातलं एक फार मोठं उदाहरण आहे, ओडिशातलं. तिथल्या खेड्यांमध्ये 4,556 नवजात बाळांवर अभ्यास झाला, 2017 मध्ये तो छापून आला. अर्ध्या बाळांना जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच सुरू करून सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक ठरावीक स्ट्रेन आणि त्याच्यासोबत त्याचं खाद्य दिलं. रक्तात जंतुसंसर्ग होणं किंवा बाळ दगावणं याचं प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आलं. सात दिवसांच्या स्वस्तातल्या डोसने! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

पण लगेच दुसरी बाजूही सांगते कारण दोन्ही खरं आहे. लहान मुलांना उलट्या-जुलाब झाले की पालक आधी प्रोबायोटिकच्या त्या प्लॅस्टिकच्या कुप्या मागतात. अमेरिका आणि कॅनडात यावर दोन मोठे अभ्यास झाले, 2018 मध्ये आले, आणि दवाखान्यात आणलेल्या मुलांमध्ये त्यांनी वापरलेल्या प्रोबायोटिकने काही फरक पडला नाही. म्हणून मी तरी काउंटरवर आधी ओआरएस आणि झिंकचं विचारते, घरात आहे का, कसं बनवायचं माहितीये का, कारण मूल वाचवतं ते ओआरएस. डॉक्टरांनी कुपी लिहिली असेल तर जरूर द्या, पण ओआरएसच्या जागी नाही, सोबत.

आणि काकांसारख्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे इस्राएलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटचा 2018 चा अभ्यास. माणसं थोडीच होती त्यात, त्यामुळे शेवटचा शब्द समजू नका, पण त्यांना दिसलं की अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर ज्यांनी प्रोबायोटिक घेतलं त्यांच्या आतड्यातली मूळची वस्ती परत यायला काहीच न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. म्हणजे पाहुण्यांनी ओसरी अडवली आणि घरच्यांना आत यायला उशीर झाला असं काहीतरी. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2020 मध्ये मोजक्या दोन-तीन कारणांसाठीच प्रोबायोटिक सुचवलं, बाकी बऱ्याच पोटाच्या तक्रारींसाठी पुरेसा पुरावा नाही असंच म्हटलं.

धोका नाही ना? धडधाकट माणसाला सहसा नाही, थोडा गॅस होतो एवढंच. पण जिवंत जंतू आहेत हे विसरू नका. केमो चालू असलेले, अवयव बदललेले, आयसीयूमधले, खूप कमी दिवसांची बाळं, यांना आपल्या मनाने अजिबात नको. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला गंभीर सूज आलेल्या रुग्णांना प्रोबायोटिक देऊन बघितलं होतं, 2008 चा अभ्यास, त्यात प्रोबायोटिक दिलेल्यांमध्ये मृत्यू जास्त झाले. "नैसर्गिक आहे, काय होतंय" हे वाक्य मला म्हणूनच आवडत नाही.

आता ताटाकडे येऊ, कारण खरं काम तिथे आहे.

पहिलं दही-ताक. घरच्या विरजणात बॅक्टेरिया जिवंत असतात यात शंकाच नाही, दूध कोमट करून करंगळी बुडवून बघायची, विरजण लावायचं, थंडीत भांडं गव्हाच्या पिठाच्या डब्यात नाहीतर टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवायचं, हे आपण करतो ते त्या बॅक्टेरियांना ऊब मिळावी म्हणूनच तर करतो. पण प्रत्येक घरच्या विरजणात कुठले स्ट्रेन आहेत ते मोजलेलं नसतं, म्हणून व्याख्येप्रमाणे त्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही, ते आंबवलेलं जिवंत अन्न आहे. यात कमीपणा काही नाही हां. 2021 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने 36 निरोगी लोकांवर दहा आठवडे अभ्यास केला, अर्ध्यांना फायबर वाढवायला लावलं आणि अर्ध्यांना दही, केफीर (ताकासारखं आंबवलेलं दूध), किमची (कोरियातली आंबवलेली कोबी) असे आंबवलेले पदार्थ. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या पोटात बॅक्टेरियांची विविधता वाढली आणि रक्तातली सूज दाखवणारी 19 प्रथिनं कमी झाली. शिवाय ज्यांना दुधाने पोट फुगतं त्यांना दही बरेचदा चालतं, कारण दह्यातले बॅक्टेरिया दुधातली साखर फोडायला मदत करतात.

पण उष्णता लागली की ते मरतात. कढी उकळली, संपले. इडली, आंबोळी, ढोकळा, सगळं आंबवलेलं पण वाफेवर किंवा तव्यावर गेलं की आत जिवंत काही उरत नाही. "इडलीत प्रोबायोटिक असतं" हा मेसेज दर महिन्याला कोणीतरी पाठवतं, तो चूक आहे. तरी इडली वाईट नाही, पीठ आंबताना डाळ-तांदळातले लोह अडवून ठेवणारे घटक कमी होतात, पचायला हलकं होतं, ते काम तव्यावर जायच्या आधीच झालेलं असतं. नाचणीची आंबील मात्र बघा किती शहाणपणाची आहे, पीठ शिजवायचं, गार करायचं आणि मग त्यात ताक घालायचं. फायबर पण आलं आणि जिवंत ताक पण. गरम आंबिलीत ताक ओतू नका एवढंच. मठ्ठ्याला फोडणी द्यायची तर ती पण जरा निवू द्या. आणि आपलं कैरीचं लोणचं, त्यात मीठ आणि तेल एवढं असतं की चवीपुरतंच खायचं, त्याच्या भरवशावर आतडी सुधारायला जाऊ नका.

दुसरं म्हणजे भाकरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात बघितलं तर 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम फायबर, बाजरी आणि नाचणीत 11 च्या आसपास, आणि पांढरा तांदूळ आणि मैदा दोन्ही 3 च्या खाली. अख्ख्या हरभऱ्यात तर 25 पर्यंत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसाने दिवसाला निदान 25 ग्रॅम खावं. आता सकाळी चहा-टोस्ट, दुपारी वरण-भात, रात्री मॅगी नाहीतर खिचडी असा दिवस मोजून बघा, निम्म्यालाही जात नाही. आणि दोन ज्वारीच्या भाकऱ्या, एक उसळ, एक पालेभाजी, एक पेरू, झालं की.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेत भारतीयांच्या आतड्यातल्या बॅक्टेरियांवर बरंच काम झालंय. आपल्या लोकांमध्ये प्रीव्होटेला नावाचा गट भरपूर सापडतो, आणि तो धान्य-भाजीपाला जास्त खाणाऱ्या लोकांमध्ये जगभर दिसतो. म्हणजे आपली वस्तीच मुळात भाकरी-डाळीवर वाढलेली आहे, आणि तिला आपण मैदा देतोय.

तिसरं, एकच एक नको. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, 2018 मध्ये आलेला, दिसलं की आठवड्यात 30 पेक्षा जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या पोटात 10 किंवा कमी खाणाऱ्यांपेक्षा विविधता जास्त होती. 30 ऐकून घाबरू नका, तीळ, कोथिंबीर, लसूण, शेंगदाणे सगळं मोजायचं. भोगीची भाजी आठवा, वांगं, गाजर, पावटा, घेवडा, ओला हरभरा, शेंगदाणे, तीळ, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, एका जेवणात आठ-नऊ झाले. ऋषीपंचमीच्या भाजीत तर अळू, माठ, सुरण, भोपळा, पडवळ, शिराळं, मका, मोजतच राहा. हे आपण वर्षातून एकदाच का करतो, मला कळत नाही, दर पंधरा दिवसांनी मिक्स भाजी म्हणून करायला काय हरकत आहे.

शिळ्या भाताबद्दल पण विचारतात. शिजवलेला भात गार झाला की त्यातला थोडा स्टार्च असा घट्ट होतो की आपल्याला पचत नाही आणि खाली बॅक्टेरियांना मिळतो, ते खरं आहे. पण भात रात्रभर ओट्यावर ठेवला तर बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढतो आणि त्याचं विष परत गरम केल्याने जात नाही, त्यामुळे निवला की लगेच फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा.

आणि हे सगळं सोमवारपासून एकदम सुरू करू नका! काल मैदा आणि आज राजमा-कांदा-कोशिंबीर केलं की पोटाचा ढोल होतो, मग लोक म्हणतात मला सोसत नाही. गॅस होणं म्हणजे बॅक्टेरिया काम करतायत, फक्त एकदम जास्त माल आलाय. आठवड्याला थोडं थोडं वाढवा, कडधान्यं भिजवून मोड आणून पाणी बदलून शिजवा, आणि पाणी नीट प्या. तरीही काहींना कांदा, लसूण, गहू, राजम्याने कायम त्रास होतो, आयबीएस, म्हणजे सारखं पोट दुखणं आणि शौचाचं तंत्र बिघडणं हा आतड्याचा त्रास, असेल तर विशेष, त्यांनी हे डॉक्टर नाहीतर आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावं, माझं वाचून रेटू नये. आणि शौचात रक्त, विनाकारण वजन कमी होणं, झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, यातलं काही असेल तर दही-ताक-कॅप्सूल सगळं बाजूला ठेवून सरळ डॉक्टर गाठा.

तर काका. मी विचारलं रक्त वगैरे काही नाही ना, वजन उतरलंय का, नाही म्हणाले. मग विचारलं जेवता काय. चहात बुडवून टोस्ट, दुपारी मऊ भात, रात्री मऊ भात. भाकरी? "दाढा काढल्यापासून बंद, चावता कुठे येतंय." भाजी पण तेव्हापासून बंद. चार महिने आतड्यातल्यांना जेवणच नव्हतं, आणि वरून रोज एक कॅप्सूल पाहुणे पाठवत होतो आपण.

त्या दिवशी कॅप्सूल दिली नाही. इसबगोल दिला, भरपूर पाण्यासोबत घ्या आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा म्हणून सांगितलं, आणि एका कागदावर लिहून दिलं, भाकरी ताकात कुस्करून, मुगाच्या डाळीत दुधी नाहीतर लाल भोपळा मऊ शिजवून, पालेभाजी ताक लावून पातळ, आंबील, पिकलेली पपई. पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर डॉक्टरांना दाखवा असंही लिहिलं. तीन आठवड्यांनी आले, पोटाचं आता बरंय म्हणाले, रोज नाही पण एक दिवसाआड नीट होतं. आणि विचारत होते की कवळी बसवायला किती खर्च येतो, कारण त्यांना आता ताकात भिजवलेली नको, कडक भाकरी ठेच्यासोबत खायची आहे.